नवा देश, जुन्या नोटा: १९४७ मध्ये पाकिस्तानचा पैसा कसा उभा राहिला आणि ते ५५ कोटी नेमके कोणाचे होते

जानेवारी संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी ५५ कोटींचा मेसेज येतोच. कोणी म्हणतं गांधींनी पाकिस्तानला ५५ कोटी दिले, कोणी म्हणतं सरकारला द्यायला लावले, कोणी म्हणतं तसं काही झालंच नाही, आणि मग दोन दिवस काका लोकांची चांगलीच जुंपते. यावेळी भाचीने मला वेगळा मेसेज करून विचारलं, "मामा, पण ते ५५ कोटी मुळात होते कोणाचे? आणि ते दिले म्हणजे काय केलं, ट्रकमध्ये भरून पाठवले का?" आणि मला जाणवलं की एवढ्या वर्षांच्या भांडणात हा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता.

तिला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की आधी दुसराच प्रश्न सोडवायला लागतो. एखादा देश रात्री जन्माला आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पोस्टमनचा पगार कोणत्या पैशात होतो? झेंडा शिवता येतो, राष्ट्रगीत नंतर ठरवता येतं, पण सकाळी दूधवाला दारात उभा असतो त्याला काय देणार? म्हणून हा मोठा लेख, तिच्यासाठी आणि ज्यांना तोच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी.

देशाला पैशासाठी लागतं तरी काय

गावात दोन भावांचं एकत्र किराणा दुकान आहे असं धरा. एक गल्ला, एक उधारीची वही, एकच बँकेचं खातं, आणि दुकानाच्या नावावर थोडं कर्ज. आता धाकट्याने ठरवलं की वेगळं व्हायचं. भिंत घालायला एक दिवस पुरतो, पण गल्ल्यातले पैसे कोणाचे किती? वहीत ज्यांची उधारी आहे त्यांनी कोणाला द्यायची? आणि सावकार आला तर तो कोणाच्या दारात जाणार?

देशाचं अगदी असंच असतं. त्याला लोक विश्वासाने घेतील अशी नोट लागते. त्या नोटेच्या मागे काहीतरी ठेवलेलं लागतं, म्हणजे सोनं किंवा परदेशातली मान्य संपत्ती. सरकारचे जमा-खर्च सांभाळणारा कॅशियर लागतो. आणि गावोगावी बँका आणि त्या चालवणारी माणसं लागतात. यातल्या पहिल्या तीन गोष्टी बघणाऱ्या संस्थेला मध्यवर्ती बँक म्हणतात, आपल्याकडे ती रिझर्व्ह बँक. तुमची-माझी खाती तिथे नसतात, सरकारचं आणि बँकांचं खातं तिथे असतं. ही एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

पाकिस्तानकडे १५ ऑगस्ट १९४७ ला यातली एकही गोष्ट स्वतःची नव्हती.

अडीच महिन्यांत वाटणी

३ जून १९४७ ला माउंटबॅटननी फाळणीची योजना जाहीर केली आणि १५ ऑगस्टला सत्तांतर झालं. म्हणजे ३५-४० कोटी लोकांच्या देशाची वाटणी करायला अडीच महिनेसुद्धा मिळाले नाहीत, आपल्याकडे एका वाड्याच्या वाटणीला त्याहून जास्त वेळ लागतो. वरती पार्टिशन कौन्सिल होतं ज्यात दोन्हीकडचे नेते, पण रोजचं काम एका सुकाणू समितीकडे होतं आणि त्या समितीत माणसं फक्त दोन: भारताकडून एच. एम. पटेल, पाकिस्तानकडून चौधरी मुहम्मद अली. दोघेही सरकारी नोकरीतले, कालपर्यंत एकाच सरकारच्या फायली बघणारे. त्यांच्या हाताखाली वेगवेगळ्या विषयांच्या तज्ज्ञ समित्या होत्या, रेल्वे, सैन्य, कागदपत्रं, चलन वगैरे. पुढे पटेल भारताचे अर्थमंत्री झाले आणि मुहम्मद अली पाकिस्तानचे पंतप्रधान.

या दोघांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बाहेर पंजाब जळत होता, आणि हे दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून खुर्च्या, टाइपरायटर, इंजिनं आणि कर्जाचे कागद वाटत होते, आणि बऱ्याचशा गोष्टी त्यांनी कोणाला मध्ये न घालता मिटवल्या.

त्यांनी मिटवलेली सगळ्यात हुशार गोष्ट कर्जाची. एकत्र हिंदुस्थान सरकारने लोकांकडून रोखे विकून बरंच कर्ज घेतलं होतं. ते दोन देशांत वाटून टाकलं असतं तर रोखे घेऊन बसलेल्या माणसाला प्रश्न पडला असता की माझे पैसे आता दिल्लीकडे मागू का कराचीकडे, आणि त्या घबराटीत रोख्यांचे भाव कोसळले असते. म्हणून असं ठरलं की लोकांच्या समोर सगळ्या कर्जाला भारत एकटा जबाबदार, आणि पाकिस्तानने आपला वाटा, साडेसतरा टक्के, नंतर भारताला हप्त्याने द्यायचा. म्हणजे सावकाराला मोठा भाऊ उत्तर देणार, आणि धाकटा मोठ्याला देणार.

एकच बँक, दोन मालक

आता कॅशियरचा प्रश्न. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, आधी कलकत्त्याला आणि १९३७ पासून मुख्य ऑफिस मुंबईत. कराची आणि लाहोरलाही तिची ऑफिसं होती, पण सगळी सूत्रं मुंबईहून हलायची. नव्या देशाला अशी संस्था अडीच महिन्यांत उभारणं शक्यच नव्हतं, म्हणून असं ठरलं की ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत भारताची रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक असेल.

हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो. पण रिझर्व्ह बँकेला हे काम नवीन नव्हतं, ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून १९३७ ला वेगळा झाला तरी त्याची मध्यवर्ती बँक म्हणून हीच बँक, मधला जपानी ताब्याचा काळ सोडला तर, एप्रिल १९४७ पर्यंत काम करत होती.

आणि तेव्हा या बँकेचे गव्हर्नर कोण, तर आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आपण त्यांना मुंबईसाठी केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडणारा माणूस म्हणून ओळखतो, ते १९५६ चं. पण १९४७-४८ मध्ये त्यांच्यावर जे काम पडलं ते जास्त अवघड होतं असं माझं मत आहे. एकमेकांशी लढत असलेल्या दोन सरकारांचा एकच कॅशियर होणं, आणि दोघांनाही वाटणार की हा दुसऱ्याचा माणूस आहे.

नाशिकरोडची नोट

नोटांचं काय केलं हे मला एका नाणी-नोटांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा कळलं. काचेखाली दहा रुपयांची एक नोट होती, सहाव्या जॉर्जचं चित्र, वरती ठळक अक्षरात रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, म्हणजे आजोबांच्या काळातली नेहमीची नोट. पण नोटेवर जो पांढरा कोरा भाग असतो, वॉटरमार्कचा, त्याच्या वरच्या बाजूला इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खालच्या बाजूला उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' छापलेलं. सही मात्र भारतीय अधिकाऱ्याचीच. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. एका कागदावर तीन सत्ता: इंग्लंडचा राजा, भारताची बँक, पाकिस्तानचं सरकार.

आणि ही नोट छापली कुठे? नाशिकरोडला, आपल्या प्रेसमध्ये. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या आणि पाकिस्तानात जो भाग गेला तिथे नोटांचा छापखाना नव्हता. १ एप्रिल १९४८ पासून या शिक्क्याच्या नोटा पाकिस्तानात चालू झाल्या.

नुसता शिक्का मारून काय फरक पडला असं वाटेल, पण सगळी गोम त्या शिक्क्यातच आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये लाहोरहून अमृतसरला आलेल्या माणसाच्या कनवटीला दहाची नोट असेल तर ती दोन्हीकडे चालायची, आणि दिल्लीहून कराचीला गेलेल्याचीही चालायची. लाखो माणसं इकडून तिकडे जात होती आणि नोटा त्यांच्याबरोबर. मग कुठल्या देशात किती नोटा आहेत हे मोजणार कसं? आणि ते मोजल्याशिवाय नोटांमागचं सोनं वाटता येत नाही. शिक्का आला म्हणजे नोटांची जात वेगळी झाली. शिक्क्याची नोट फक्त पाकिस्तानात चालणार, आणि बिनशिक्क्याच्या जुन्या भारतीय नोटा पाकिस्तानने हळूहळू गोळा करून रिझर्व्ह बँकेला परत द्यायच्या, आणि जेवढ्या परत देईल तेवढ्याच्या हिशोबात त्यांच्यामागची संपत्ती मागायची. हॉटेलात कोट ठेवायला दिला की बिल्ला मिळतो ना, बिल्ला परत दिला की कोट परत, तसं.

मग स्वतःच भराभर नोटा का नाही छापल्या?

हा प्रश्न भाचीनेही विचारला, आणि रास्त आहे. देश तुमचा, सरकार तुमचं, मग मशीन आणा आणि छापा.

अडचण अशी की नोट म्हणजे सरकारने लिहून दिलेली चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीला किंमत असते ती लिहिणाऱ्याच्या पतीमुळे. त्या काळी कायदाच असा होता की रिझर्व्ह बँकेने जेवढ्या नोटा काढल्या त्याच्या किमान ४० टक्के किंमतीचं सोनं आणि ब्रिटिश पौंडातले रोखे बाजूला ठेवलेले पाहिजेत. हे पौंडातले रोखे आले कुठून, तर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने इथून माल घेतला, सैन्य वापरलं, आणि रोख पैसे न देता लंडनमध्ये आपल्या नावावर जमा दाखवले. इथे त्याच्या बदल्यात नोटा छापल्या, महागाई वाढली, लोकांनी हाल सोसले. १९४७ पर्यंत ही ब्रिटनकडची येणी ११५ कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. म्हणजे रुपयाच्या मागे जी ताकद होती ती या देशातल्या लोकांनी उपाशीपोटी साठवलेली होती, दोन्हीकडच्या लोकांनी, आणि म्हणून दोघांचा तिच्यावर हक्क होता.

पाकिस्तानने या संपत्तीतला वाटा हातात यायच्या आधी स्वतःची नोट काढली असती तर पेशावरच्या दुकानदाराने ती का घ्यावी? त्याने जुनीच मागितली असती. म्हणून आधी जुन्या नोटेवर नवं नाव, मग वाटा, आणि मग पूर्ण नवी नोट असा क्रम ठेवला. जिना चढताना एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही, तसाच.

आता ते ५५ कोटी

एकत्र हिंदुस्थान सरकारच्या खात्यात सत्तांतराच्या वेळी साधारण ४०० कोटी रुपये शिल्लक होती. घरखर्चाच्या खात्यातला बॅलन्स म्हणतो ना आपण, तोच. पगार, पेन्शन, रेल्वेचा कोळसा यातूनच भागायचं. वाटणीत पाकिस्तानचा हिस्सा ७५ कोटी ठरला. पाकिस्तानने जास्त मागितले होते, घासाघीस झाली आणि डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी ७५ वर मान्यता दिली. त्यातले २० कोटी सत्तांतराच्या वेळीच दिलेले होते, कारण नव्या सरकारला पहिल्या दिवशी पगार तरी करता आला पाहिजे. राहिले ५५.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर: ते पाकिस्तानच्या वाटणीचे पैसे होते, जे भारत सरकारच्या नावाच्या खात्यात पडून होते. ती देणगी नव्हती आणि मदतही नव्हती. आणि ट्रक नाही लागला, कारण दोन्ही सरकारांची खाती एकाच रिझर्व्ह बँकेत होती. एका पानावर ५५ कोटी नावे टाकायचे, दुसऱ्या पानावर जमा करायचे, एवढंच. एका कारकुनाचं दहा मिनिटांचं काम, आणि त्या दहा मिनिटांच्या कामावर आपण इतकी वर्षं भांडतोय.

पण युद्ध चालू असताना शत्रूला पैसे द्यायचे?

हा आक्षेप खोटा नाही आणि तो घेणारे मूर्खही नाहीत. २२ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानच्या बाजूने टोळीवाले काश्मीरात घुसले, २७ ला आपलं सैन्य श्रीनगरला उतरलं. आपण ५५ कोटी दिले आणि त्याच्या गोळ्या घेऊन त्या आपल्याच जवानांवर चालवल्या तर? सरदार पटेलांना हीच काळजी होती, आणि नेहरूंसकट मंत्रिमंडळाने ठरवलं की काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत ही रक्कम थांबवायची. पाकिस्तानचं म्हणणं होतं की आर्थिक करारात काश्मीरची अट कुठे लिहिलेली नाही.

आता दुसरी बाजू बघा. पाकिस्तानकडचे २० कोटी जवळजवळ संपले होते. पैसे नाहीत म्हणून तिथलं सरकार रिझर्व्ह बँकेकडे उसने मागायला गेलं, आणि मिळाले नाहीत तेव्हा बोट थेट मुंबईकडे दाखवलं गेलं की ही बँक दिल्लीच्या सांगण्यावरून चालते. खरं तर रिझर्व्ह बँक तेव्हा सरकारी सुद्धा नव्हती, भागधारकांची होती, सरकारने ती ताब्यात घेतली १ जानेवारी १९४९ ला. पण कागदावरची मालकी काहीही असो, संशय बसायचा तो बसला.

माझं स्वतःचं मत सांगतो. थांबवण्यामागची भावना मला पूर्ण समजते, माझा भाऊ सीमेवर असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण सही केलेल्या हिशोबातली रक्कम दुसऱ्या भांडणासाठी अडवली की बाकीचा सगळा हिशोब पण डळमळतो, आणि त्या हिशोबात आपलंही बरंच येणं होतं, साडेसतरा टक्के कर्जाचं येणं त्यातच होतं. पैशाच्या जगात नवा देश कोण ओळखतो, तर जो शब्द पाळतो त्याला. आणि लक्षात घ्या, १९४७ मध्ये नवा देश फक्त पाकिस्तान नव्हता, भारतही नवाच होता आणि जग त्याच्याकडेही बघत होतं.

गांधींनी उपोषण ५५ कोटींसाठी केलं का?

तारखा बघू. १२ जानेवारी १९४८ च्या प्रार्थनासभेत गांधींनी उपोषण जाहीर केलं, १३ ला सुरू झालं. १५ ला रात्री सरकारने ५५ कोटी देत असल्याचं जाहीर केलं. उपोषण सुटलं १८ ला. म्हणजे पैसे द्यायचा निर्णय झाल्यावरही उपोषण तीन दिवस चालूच होतं. आणि ते सोडताना ज्या सात गोष्टींवर सगळ्या पक्षांच्या आणि संघटनांच्या लोकांनी सह्या केल्या त्या दिल्लीतल्या मुसलमानांच्या जिवाबद्दल, मशिदींबद्दल, मेहरौलीच्या उरुसाबद्दल होत्या. ५५ कोटी त्या यादीत नाहीत.

तरीसुद्धा दोन्हीचा काही संबंधच नाही असंही म्हणता येत नाही. रक्कम अडवणं गांधींना पटलेलं नव्हतं, आणि त्यांचं उपोषण चालू असतानाच मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला हे उघड आहे, सरकारने स्वतःच्या निवेदनातही गांधींच्या प्रयत्नांचा उल्लेख केला होता. म्हणजे उपोषणाने निर्णय घडवला असं म्हणा हवं तर, पण ज्याचे पैसे त्यालाच मिळाले हे विसरून नका म्हणू. ३० जानेवारीला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भाचीला हे लिहिताना माझे हात थांबले होते.

१ जुलै १९४८, कराची

या भांडणाचा एक परिणाम असा झाला की पाकिस्तानने रिझर्व्ह बँकेबरोबरची मुदत तीन महिन्यांनी कमी करून घेतली. सप्टेंबरपर्यंत थांबायचं होतं ते ३० जूनलाच संपवलं, आणि १ जुलै १९४८ ला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. पहिले गव्हर्नर झाहिद हुसेन. भांडवल ३ कोटी, त्यात ५१ टक्के सरकारचे आणि बाकी लोकांचे शेअर. जीना तेव्हा खूप आजारी होते, बलुचिस्तानातल्या हवेवर होते, तिथून मुद्दाम कराचीला उद्घाटनाला आले. अडीच महिन्यांत ते गेलेसुद्धा.

स्वतःच्या नावाच्या पाच, दहा आणि शंभरच्या नोटा १ ऑक्टोबर १९४८ ला आल्या, इंग्लंडमधल्या डे ला रू कंपनीकडून छापून. तोपर्यंत आपल्या नाशिकरोडच्या नोटांनीच काम चालवलं.

नोट आली, पण बँकेत बसणार कोण

आर्थिक व्यवस्था म्हटलं की आपण नोट आणि सोन्यात अडकतो, आणि काउंटरच्या मागचा माणूस विसरतो. लाहोर, कराची, रावळपिंडीतल्या बँकांचे मालक, मॅनेजर, कारकून यात हिंदू आणि शीख खूप होते, आणि ते सगळे निघून आले. पंजाब नॅशनल बँक तर लाहोरचीच, १८९५ ला तिथेच सुरू झालेली, तिने जून १९४७ मध्येच मुख्य ऑफिस दिल्लीला हलवलं. फाळणीत तिला पश्चिम पाकिस्तानातल्या ९२ शाखा बंद कराव्या लागल्या, आणि बँकेच्या एकूण ठेवींपैकी ४० टक्के ठेवी त्या शाखांमधल्या होत्या. कल्पना करा, बँक इकडे, ठेवीदार पण इकडे पळून आलेला, नेसत्या कपड्यानिशी, आणि त्याच्या खात्याची वही तिकडे कुलूपबंद.

पाकिस्तानात वर्षभरात बँकांच्या शाखा निम्म्याहून कमी झाल्या. उलट दिशेनेही एक प्रवास झाला, तो आपल्या मुंबईतून. हबीब बँक १९४१ मध्ये मुंबईत सुरू झाली होती, ती जीनांच्या सांगण्यावरून कराचीला गेली आणि सुरुवातीच्या काळात सरकारला तिचाच मोठा आधार होता. पण एका हबीब बँकेने लायलपूरच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचं भागत नाही. हंगामात व्यापाऱ्याला बँक कर्ज देते, तो शेतकऱ्याला रोख देतो, अशी साखळी असते, आणि मधली कडीच गळून गेली होती. म्हणून नव्या स्टेट बँकेला पहिल्याच वर्षापासून पोरांना बँकेचं काम शिकवायचे वर्ग चालवायला लागले.

शंभराला एकशे चव्वेचाळीस

१९४९ च्या सप्टेंबरपर्यंत इकडचा रुपया आणि तिकडचा रुपया सारखाच होता, एकास एक. मग ब्रिटनने पौंडाची किंमत ३० टक्क्यांनी उतरवली, भारताने लगेच रुपयाची पण तेवढीच उतरवली, आणि पाकिस्तानने नकार दिला. एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये झाले.

आता गंमत बघण्यासारखी नाही, त्रासाची होती. ताग पिकायचा बहुतेक पूर्व बंगालमध्ये, म्हणजे पाकिस्तानात, आणि तागाच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या कलकत्त्याच्या बाजूला. शेत एका देशात आणि गिरणी दुसऱ्या. भारत म्हणाला हा दर आम्हाला मान्य नाही, व्यापार ठप्प झाला, इकडे गिरण्या कच्च्या मालाविना आणि तिकडे शेतकरी गिऱ्हाइकाविना. पाकिस्तानने घाईघाईने नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान काढली ती मुख्यतः तो पडून राहिलेला ताग विकत घ्यायला पैसे पुरवण्यासाठी. भारताने तो दर मान्य केला १९५१ मध्ये, आणि पाकिस्ताननेही अखेर १९५५ ला आपला रुपया उतरवलाच.

स्वतःचं चलन म्हणजे हेच. आपला दर आपण ठरवायचा हक्क मिळतो, आणि त्याची किंमत आपल्याच शेतकऱ्याला मोजायला लागते.

वाटणीपत्रच नसेल तर?

ज्यांना वाटतं की हे समित्या, टक्के, करार सगळं फालतू होतं त्यांनी पुढची फाळणी बघावी. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश झाला तेव्हा कोणी टेबलावर बसलं नव्हतं. ढाक्यातल्या स्टेट बँक ऑफ पाकिस्तानच्या ऑफिसचीच बांगलादेश बँक केली, पण सोनं आणि परकीय चलन कराचीला, आणि त्यातला वाटा ढाक्याला मिळाला नाही, तो आजही ते मागतात. टाका या त्यांच्या नव्या चलनाच्या पहिल्या नोटा मार्च १९७२ मध्ये आल्या, त्याही भारतात छापलेल्या, नाशिकलाच. पंचवीस वर्षांत दोन नव्या देशांच्या पहिल्या नोटा एकाच गावातून गेल्या. पण त्या घाईघाईत छापलेल्या, नक्कल करायला सोप्या, बांगलादेशला थोड्याच काळात मागे घ्यायला लागल्या.

आणि १९४७ चा हिशोब?

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, "मग मिटलं का सगळं?"

नाही मिटलं. स्टेट बँक ऑफ पाकिस्तानच्या ताळेबंदात आजही एक ओळ असते: रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाकडे असलेली मालमत्ता, त्यात सोनं, पौंडातले रोखे, रुपयाची नाणी. त्या परत केलेल्या नोटांच्या हिशोबातला जो भाग अडकला तो. आणि आपल्या केंद्राच्या बजेटच्या कागदांत एक नोंद असते: फाळणीपूर्व कर्जातला पाकिस्तानचा वाटा, ३०० कोटी, येणे. ते कर्ज १९५२ पासून ५० वार्षिक हप्त्यांत फेडायचं ठरलं होतं. ती मुदत संपून गेली, एकही हप्ता आलेला नाही.

दरवर्षी कराचीत एक कारकून ती ओळ पुढच्या वर्षाच्या पानावर उतरवतो आणि दिल्लीत दुसरा कारकून ती.